शेजारच्या खोलीत पत्र कशाला?

शाळेचे निकालपत्रक छापणारी आज्ञावली आणि विद्यार्थ्यांचे गुण सांभाळणारा डेटाबेस पुष्कळदा एकाच संगणकात नांदतात. दोघांमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. आज्ञावलीची मागणी डेटाबेसला कळेल अशा रूपात तो पोचवतो आणि उत्तर घेऊन येतो. गंमत अशी की, अनेक ड्रायव्हर हा निरोप टीसीपीच्या, म्हणजे दूरच्या संगणकाशी बोलण्यासाठी केलेल्या नियमांनीच पाठवतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाला पाकिटावर पत्ता नि अनुक्रमांक घालून पत्र धाडावे आणि त्याची पोच मागवावी, तसे हे झाले. १२७.०.०.१ या पत्त्याचा अर्थ ‘हाच संगणक’ असा असल्याने पत्र घराबाहेर पडत नाही. पण पाकीट बांधण्या-सोडण्याचे श्रम टळत नाहीत.

यावरचा उपाय जुनाच आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९८३ साली युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात सॉकेट, म्हणजे संवादाचे टोक, ही कल्पना होती. सॉकेट दूरच्या संवादासाठी असते तसे स्थानिकही असते. स्थानिक सॉकेटचा पत्ता म्हणजे चक्क एका फाइलीचे नाव! मजकूर मात्र त्या फाइलीत साठत नाही. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, तो एका आज्ञावलीकडून घेऊन थेट दुसरीच्या हाती देतो.

यात वेळ वाचतो, पण किती? छोटे छोटे प्रश्न हजारोंनी विचारायचे असतील तर फरक जाणवेल. एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायला डेटाबेसला दहा सेकंद लागत असतील, तर मुळीच नाही. माझ्या मते खरा लाभ वेगळाच आहे. टीसीपीच्या दारावर त्या संगणकावरचा कोणीही वापरकर्ता टकटक करू शकतो. म्हणून परवलीचा शब्द लागतो, आणि तो कुठल्यातरी फाइलीत लिहून ठेवला जातो. तो ज्याच्या हाती पडेल, त्याला गुण बदलता येतील. स्थानिक सॉकेटच्या पलीकडे कोण आहे, हे मात्र डेटाबेस कर्नललाच विचारू शकतो. पोस्टग्रेसमध्ये ‘पीअर’ पद्धत आहे ती हीच. परवलीचा शब्दच नाही, तर चोरणार काय?

ड्रायव्हरमध्ये ही सोय घालताना संवादाची भाषा बदलावी लागत नाही. बदलते ते दार. पत्ता तिरप्या रेघेने सुरू झाला तर ते संगणकाचे नाव नसून फाइलींच्या कप्प्याचा मार्ग आहे, असे पोस्टग्रेसचा मूळ ड्रायव्हर समजतो. मायएसक्यूएलची तऱ्हा आणखी न्यारी. युनिक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिले की त्याचा मूळ ड्रायव्हर स्थानिक सॉकेट घेतो, १२७.०.०.१ लिहिले की टीसीपी! शिवाय लिनक्सवर या मार्गाला १०८ बाइटांची मर्यादा असते. खोलवरच्या कप्प्यात सॉकेट ठेवले की ड्रायव्हर अडतो. जावा भाषेतल्या ड्रायव्हरांना तर २०२१ पर्यंत, म्हणजे जावा १६ येईपर्यंत, बाहेरच्या ग्रंथालयाचा आधार घ्यावा लागे.

एक अडचण हमखास भेटते. डेटाबेस अचानक बंद पडला तर सॉकेटची फाइल मागे उरू शकते. दार दिसते, पण आत कोणी नाही. म्हणून फाइल आहे एवढे पाहून ड्रायव्हरने समाधान मानू नये, जोडणी करूनच पाहावी. लिनक्स असलेल्या संगणकावर विद्यार्थ्यांना ही फाइल जरूर दाखवा: तपशीलवार यादीत तिच्या ओळीचे पहिले अक्षर ‘एस’ असते, आणि आकार शून्य.