कारण सांग, कारणं नको!

कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कट्ट्यावर दहा मिनिटं थांबा. 'काल का नाही आलास?' हा प्रश्न हमखास कानावर पडणार. उत्तर येतं, 'असंच रे.' आणि लगेच पलीकडून, 'ए, पुड्या सोडू नको!'

कारण देण्याच्या आपल्या साध्यासुध्या शब्दांचं कट्ट्यावर काय काय होतं बघा. 'कारण सांग' म्हटलं की खरं काय ते हवं असतं. पण 'कारणं सांगू नको' म्हटलं की समोरचा थापाड्या ठरलेला! एका अनुस्वाराने अख्खा अर्थ फिरतो.

'सबब'चंही तेच. मूळ अरबी शब्द, अर्थ कारण. सरकारी आदेशात आणि कोर्टाच्या निकालात 'सबब' म्हणजे आजही 'म्हणून'. बोलताना मात्र सबब म्हणजे निव्वळ बहाणा.

'म्हणून' तर 'म्हणणे' या क्रियापदातूनच आलाय. ज्ञानेश्वरीत तो 'म्हणौनि' असा जागोजागी भेटतो. आज आपण त्यालाच उलटा फिरवतो, 'म्हणून काय झालं?' समोरच्याचं कारण एका फटक्यात बाद.

इंग्रजीतून आलेलं 'लॉजिक'ही सुटलं नाही. 'काय पण लॉजिक!' म्हणजे लॉजिक अजिबात नाही. आणि 'विषय हार्ड' म्हटलं की कौतुकाला कारणच लागत नाही. वाद नको असेल तर 'विषय कट'!

मालेगाव-सटाण्याकडचे मित्र 'का?'ऐवजी 'काबरं?' विचारतात. विदर्भातला रूममेट म्हणतो 'काहून?' प्रश्न एकच, पण 'काबरं'मध्ये जरा काळजी ऐकू येते.

गंमत इथपर्यंत ठीक. पण सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकहून रोज एसटीने येणाऱ्याची गाडी कधी खरंच चुकते. घरी कांद्याची काढणी असते, कुणी आजारी असतं. '७५ टक्के अटेंडन्स'च्या धाकाने तो खरं सांगतो आणि वर्गातून आवाज येतो, 'आली याची कारणं!' पुढच्या वेळी तो गप्प बसतो. 'असंच' म्हणतो. फी भरायला पैसे नसले, घरी भांडणं असली, तरी 'असंच'च.

म्हणून कुणी चार दिवस सलग 'असंच' म्हणत असेल, तर 'पुड्या सोडू नको' जरा बाजूला ठेवा. शेजारी बसा, चहा सांगा आणि एकदाच विचारा, 'काबरं?' मग उत्तर येईपर्यंत थांबा. तेवढा वेळ तर आपण कट्ट्यावर उगाचही घालवतो!