फ्लायव्हीलवरचे निळे डाग

घाटात हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की क्लचप्लेट फ्लायव्हीलवर घासत राहते आणि बिडाचा तो पृष्ठभाग तापतो. काही ठिकाणी इतका, की निळे डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. तिथल्या बिडाची अंतर्गत रचनाच बदलून ते कडक झालेलं असतं. मग क्लच सोडताना गाडी थरथरते.

म्हणून नवी प्लेट टाकताना फ्लायव्हील ग्राइंडिंगला द्यावंच. शक्यतो लेथवर नको: तिथलं हत्यार कडक डागावरून उसळतं आणि बारीक उंचवटा राहतो. ग्राइंडिंगचा दगड सगळं एका पातळीत आणतो. फ्लायव्हीलला पायरी असेल तर तीही तेवढीच उतरवायला सांगा, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बिघडतो.