सायप्रसच्या रिकाम्या खुर्च्या

दरवर्षी २४ सप्टेंबर जवळ आला की परळ-नायगावच्या चाळींतून पुणे कराराची चर्चा सुरू होते. १९३२ साली त्या करारावर सही करणारे बाबासाहेब तेव्हा परळच्या बी.आय.टी. चाळीतच राहत होते, तेव्हा ही चर्चा येथे व्हावी हे साहजिकच. अशाच एका बैठकीत एका तरुणाने आम्हास पेचात पकडले. म्हणाला, "स्वतंत्र मतदारसंघ दिले म्हणून सायप्रसचे दोन तुकडे झाले. बाबासाहेबांची मागणी टिकली असती तर या देशाचे काय झाले असते?" बैठकीतील निम्म्यांना सायप्रस कोठे आहे हेच ठाऊक नव्हते. पोरगा मात्र वाचून आला होता. त्याला तेथे दिलेले उत्तर आमचे आम्हालाच अपुरे वाटले, म्हणून हा लेख.

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला, तुर्कस्तानच्या दक्षिणेस हे बेट आहे. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडे मोठे. तांब्याच्या खाणी इतक्या जुन्या की तांब्याचे लॅटिन नावच या बेटावरून पडले. १८७८ साली इंग्रजांनी तुर्की सुलतानाकडून बेटाचा कारभार घेतला. त्याच वर्षी मुंबई लष्करातले शिपाईसुद्धा माल्टामार्गे तेथे उतरवले गेले होते. महारांना लष्करभरती बंद होण्याच्या आधीचा तो काळ.

१६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस स्वतंत्र झाला. त्यावेळी लोकसंख्येत ग्रीक सुमारे ७८ टक्के आणि तुर्क १८ टक्के होते. राज्यघटनेचा पाया मात्र झुरिच आणि लंडनला घातला गेला, तोही ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांच्या सौद्यातून. जनतेने निवडलेली घटना समिती बसली नाही की कलमाकलमावर वाद झाला नाही. आपल्याकडे जवळपास तीन वर्षे जे मंथन चालले, त्याचे मोल अशा वेळी कळते.

घटनेने काय दिले? राष्ट्राध्यक्ष ग्रीक, त्याला फक्त ग्रीकांनी निवडायचे. उपराष्ट्राध्यक्ष तुर्क, त्याला फक्त तुर्कांनी. सभागृहात ३५ ग्रीक, १५ तुर्क. नोकऱ्यांत ७० आणि ३०, लष्करात ६० आणि ४०. मोठ्या शहरांत नगरपालिकासुद्धा वेगवेगळ्या. आर्मेनियन, मॅरोनाइट आणि लॅटिन ख्रिस्ती हे छोटे समाज. त्यांना सांगितले, दोहोंपैकी एक बाजू निवडा. ते ग्रीकांकडे गेले. तिसरा रकानाच नव्हता!

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे मर्म पाहा. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना ७१ जागा दिल्या, आणि त्याबरोबर प्रत्येक मतदाराला दोन मते दिली. एक मत आपला प्रतिनिधी निवडायला, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात सवर्ण उमेदवाराला. हे दुसरे मत बाबासाहेबांना अनमोल वाटत होते, कारण त्या मतासाठी सवर्ण उमेदवाराला वस्तीत यावे लागले असते. पुणे कराराने जागा १४८ झाल्या, दुसरे मत गेले. जागांची बेरीज सगळे सांगतात, गेलेल्या मताचा हिशेब कोणी मांडत नाही.

सायप्रसच्या घटनेत हे दुसरे मतच नव्हते. ग्रीक पुढाऱ्याला तुर्काच्या दारी जायची गरज नाही, तुर्काला ग्रीकाच्या दारी जायची नाही. जो आपल्या लोकांत अधिक जहाल बोलेल तो निवडून येणार. तेव्हा सायप्रसकडे बोट दाखवून बाबासाहेबांच्या मागणीला नावे ठेवणाऱ्यांनी आधी दोन्ही योजना शेजारी ठेवून वाचाव्यात. आणखी एक फरक. तुर्की सायप्रियटांच्या पाठीशी समुद्रापलीकडे अवघ्या ७०-७५ किलोमीटरवर तुर्कस्तानचे सैन्य उभे होते. अस्पृश्यांच्या पाठीशी कोणते राष्ट्र होते?

पुढे नगरपालिकांवरून भांडण पेटले. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मकारिऑस यांनी घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या. अल्पसंख्याकांची बरीचशी संरक्षणे त्यांत निघून जात होती. तीन वर्षांत बहुसंख्याकांना ती डोईजड झाली! आरक्षणाविरुद्धची ओरड ऐकत मोठे झालेल्या आम्हा लोकांना हा सूर ओळखीचा आहे. डिसेंबरात कत्तली झाल्या. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची फौज आली. तिचे नेतृत्व करताना भारताचे जनरल थिमय्या १९६५ साली तेथेच वारले. १५ जुलै १९७४ रोजी ग्रीसच्या लष्करशहांनी बंड घडवले, २० जुलैला तुर्की सैन्य उतरले आणि बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्याने व्यापला. १९८३ साली तेथे वेगळे राज्य घोषित झाले. त्याला तुर्कस्तानखेरीज कोणी मान्यता देत नाही. दक्षिणेकडील सभागृहात आज ८० जागा आहेत. त्यांपैकी २४ तुर्कांच्या, आणि त्या रिकाम्या आहेत. १९६४ नंतर तुर्क सदस्य तेथे बसलेलेच नाहीत.

राजधानी निकोसियाही मधोमध दुभंगली. पण गटार दुभंगता येईना. शहराचा उतार असा की सांडपाणी उत्तरेकडेच जाणार. शेवटी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्रीक महापौर लेलॉस दिमित्रियादिस आणि तुर्क महापौर मुस्तफा अकिंजी एकत्र बसले. एकमेकांचे राज्य न मानताही त्यांनी सांडपाण्याची एकच योजना उभी केली. वेगळ्या नगरपालिकांच्या हट्टातून जे बिघडले, त्यातले थोडे मैल्याने सांधले. गटाराचे मोल काय, हे मुंबईतल्या सफाई कामगारांच्या वस्त्यांना आम्ही सांगायला नको. हेच अकिंजी २०१५ मध्ये उत्तरेकडचे अध्यक्ष झाले.

२००४ साली एकीकरणावर सार्वमत झाले. तुर्कांपैकी ६५ टक्के लोक हो म्हणाले, ग्रीकांपैकी ७६ टक्के नाही म्हणाले. आठवड्याभरात सायप्रस युरोपीय संघात दाखल झाला. २००८ ते २०१० या काळात ख्रिस्तोफियास आणि तालात यांच्या वाटाघाटी झाल्या, आणि त्यांत एक नवी सूचना पुढे आली. अध्यक्षपद आळीपाळीने असावे, आणि एका समाजाचा उमेदवार निवडताना दुसऱ्या समाजाच्या मतांनाही ठरावीक वजन असावे. म्हणजे दुसरे मतच की! परळच्या चाळीत राहणाऱ्या माणसाने जे गमावल्याची खंत केली, ते सायप्रसला पन्नास वर्षांनी आठवले. २०१७ साली स्वित्झर्लंडमधली बोलणी फिसकटली आणि ती सूचना अजून कागदावरच आहे.