भरल्या गाडीची पारख

तवंदीच्या घाटाखाली राहणाऱ्या माणसाला मोटारीचे गुणदोष सांगण्यासाठी छापील माहितीपत्रकाची फारशी गरज पडत नाही. घरातली पाचही माणसे, यल्लम्माच्या डोंगरावर न्यावयाची शिदोरी आणि भांडीकुंडी गाडीत भरून, स्तवनिधीजवळून वर चढताना एंजिनाचा आवाज कसा बदलतो, एवढ्यावरून ती गाडी किती पाण्यात आहे हे तो ओळखतो. माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यावयाचे ठरले, तेव्हा पुतण्याने मला या पारखीत सामील करून घेतले, आणि कोल्हापूर व बेळगाव अशा दोन्ही बाजूंच्या शोरूम पालथ्या घालताना माझ्या मनाने एक गोष्ट पक्की धरली : विक्रेता जी चाचणी देतो ती रिकाम्या गाडीची व सपाट रस्त्यावरची असते, आणि ज्या कामासाठी गाडी घ्यावयाची त्या कामाचा तिच्यात लवलेशही नसतो.

या वर्गाची हद्द आपल्याकडे रस्त्यापेक्षा महसुलाने अधिक आखली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या आतील, लहान एंजिनाच्या मोटारींवरील अबकारी कर उतरविला, तेव्हापासून ती चार मीटरांची रेघ कायम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांतही रेघेअलीकडील लहान मोटारीला १८ टक्के आणि पलीकडील मोटारीला ४० टक्के कर बसतो. ह्युंदाईची क्रेटा ४,३३० मिलिमीटर लांब, होंडाची एलिव्हेट ४,३१२ आणि मारुतीची ग्रँड विटारा ४,३४५. म्हणजे रेघेपलीकडच्या जेमतेम दीड वितीपायी ग्राहक हा बोजा पत्करतो, तेव्हा त्या दीड वितीने घराच्या पदरात काय पडते याची शहानिशा त्याने केलीच पाहिजे.

पदरात पडते ते मुख्यत्वे मागच्या बाकावर आणि डिकीत. आमच्या आईचे गुडघे कामातून गेलेले. जुन्या ठेंगण्या मोटारीत बसताना तिला आधी स्वतःला खाली सोडावे लागे आणि उतरताना कोणीतरी हात देऊन वर ओढावे लागे. इथे आसनाची उंची तिच्या कमरेच्या बेताची आली, तिने दाराला पाठ करून नुसते टेकले, पदर सावरला, मग एकेक पाय आत घेतला आणि म्हणाली, "वाकावं लागत न्हाई बघ, बसलं की झालं." माझ्या मते या वर्गाच्या मोटारींचा सर्वांत मोठा गुण हाच, आणि तो कुठल्याही कोष्टकात आकड्याने मांडलेला नसतो. डिकीचे आकडे मात्र असतात, आणि ते वाचताना सावध राहावे : एलिव्हेटची ४५८ लिटरांची, क्रेटाची ४३३ लिटरांची; परंतु ग्रँड विटाराच्या हायब्रिड प्रकारात बॅटरीने मागची बरीच जागा घेतलेली असल्यामुळे आमच्या यात्रेचे मोठे पातेले तिथे आडवेही बसेना.

त्या हायब्रिड रचनेविषयी मला आदर आहे. ही गाडी आपल्याच कर्नाटकात, बिडदीच्या टोयोटा कारखान्यात तयार होते, लिटरला २७.९७ किलोमीटरचा तिचा अधिकृत आकडा प्रत्यक्षात तेवढा उतरला नाही तरी, टिळकवाडीतून खडेबाजारापर्यंत दर चौकाला थबकत जाणाऱ्या माणसाला तिच्याइतकी काटकसरी गाडी मिळणे कठीण, कारण थांबत-सरकत जाण्याच्या त्या साऱ्या वेळात एंजिन बहुधा बंदच असते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत जमा होते. पण ही बॅटरी लहान आहे. कणकुंबीहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरू लागले, की ती थोड्याच वळणांत काठोकाठ भरते. पुढे शक्ती साठवायला जागा उरत नाही, आणि गाडी आवरण्यासाठी 'बी' ही खूण असलेला टप्पा निवडून एंजिनाचा रोध वापरावा लागतो. हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, तो उतारभर ब्रेकवर पाय ठेवून ते तापवीत बसतो.

चढणीवर डिझेलची सर इतरांना येत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले. क्रेटाच्या साध्या दीड लिटर पेट्रोल एंजिनाची कमाल ओढ १४४ न्यूटन-मीटर आणि तीही ४,५०० फेऱ्यांना मिळते. त्याच गाडीचे डिझेल एंजिन २५० न्यूटन-मीटरची ओढ १,५०० फेऱ्यांपासूनच देऊ लागते. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रांगत असेल, मागून लक्झरी बस हॉर्न वाजवीत असेल आणि गाडीत पाच माणसे असतील, तेव्हा या तफावतीचा अर्थ उमगतो : पेट्रोल गाडीला गिअर उतरवून एंजिन ओरडवीत पुढे काढावे लागते, डिझेल गाडी आहे त्याच गिअरात निमूट निघून जाते. मात्र १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी जाळी असते, आणि काजळी जळून ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून बराच वेळ वेगात पळवावी लागते. निपाणी-बेळगाव असा सुमारे ७५ किलोमीटरचा महामार्ग ज्याच्या वहिवाटीचा आहे त्याला याची चिंता नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्याने डिझेलच्या वाटेस जाऊ नये.

गाडीच्या पोटाखालच्या उंचीविषयी लोकांच्या मनात जो भरवसा असतो, तो मला भयावह वाटतो. एलिव्हेटची ही उंची २२० मिलिमीटर आहे. जांबोटीच्या रस्त्यावरील खड्ड्यांत आणि शेताच्या बांधावर तिचा उपयोग निःसंशय होतो. पण ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीपाशी वेदगंगा महामार्गावर चढली आणि वाहतूक बंद ठेवावी लागली, तेव्हा त्या पाण्यापुढे या उंचीची काय मातब्बरी होती? दोन फूट वाहते पाणी असली गाडीही उचलून नेते.

उंचीचा दुसरा दोष इतरांना भोगावा लागतो. बॉनेट उंच, त्यामुळे गल्लीत अगदी पुढ्यात उभे असलेले मूल चालकाला दिसत नाही. हेडलाईटही उंच, त्यामुळे समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. पुतण्याला मी गाडीपुढे एक बुटके स्टूल ठेवून आसनावर बसविले. ते दिसेनासे कुठे होते ते त्याने स्वतः पाहिले आणि पुढच्या कॅमेऱ्यासाठी अधिक पैसे मोजण्याची तयारी आपण होऊन दाखविली.

अखेर डिझेल गाडी घ्यावयाचे ठरले. नोंदणी कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर करावी, अशी सूचना घरात निघाली होती. तिचे कारण उघड आहे : दहा ते वीस लाखांच्या मोटारीवर कर्नाटकचा आजीवन कर १७ टक्के व त्यावर उपकर, तर महाराष्ट्रात त्याच किमतीच्या डिझेल मोटारीला १४ टक्के. परंतु गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला क्रमांक घ्यावा लागतो, आणि गाडी तर कायमची निपाणीच्या वाड्यात उभी राहणार. बंधूंनी ती सूचना नामंजूर केली व कागदपत्रे चिक्कोडीच्या कचेरीत दाखल करावयास सांगितली. गाडीला केए-२३ चा क्रमांक मिळाला.