कार्बन मोनॉक्साइडचे धोकासूचक यंत्र घरात कोठे बसवावे?

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राजमार्गावर, अरवलीच्या पायथ्याशी, हरियाणातील मानेसर हे औद्योगिक नगर वसले आहे. तेथील कारखान्यांतले पुष्कळ कामगार कासन, नाहरपूर, अलियर अशा लगतच्या गावांत भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. पौष-माघात रात्रीचे तापमान कित्येकदा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. अशा वेळी दाराबाहेर शेगडी पेटविली जाते. तिला तिकडे अंगीठी म्हणतात. धूर ओसरून निखारे लाल झाले, की ती आत घेऊन दार लावले जाते. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत या रिवाजाच्या मुळाशी आहे. आणि ती घातक आहे.

शेगडीच्या तळाशी हवा मिळते, तेथे कोळशापासून कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. तो वर चढताना तापलेल्या कोळशाच्या थरांतून जातो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे तांबडे द्रव्य, म्हणजे हीमोग्लोबिन, प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूशी संयोग पावते. प्रथम डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. थकलेल्या मनुष्यास ही दिवसभराच्या श्रमांचीच लक्षणे वाटतात. निजलेल्यास तर तीही कळत नाहीत.

दोष केवळ कोळशाचा नव्हे. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ प्रवासी विश्रामगृहाच्या बंद खोलीत मरण पावले. त्यांनी उबेसाठी गॅसचा हीटर लावला होता. महाराष्ट्रातील शहरी घरांतून शेगडी बहुतेक हद्दपार झाली असली, तरी बंद न्हाणीघरातील गॅस गीझर तेच काम करू शकतो.

या वायूची चाहूल इंद्रियांना लागत नाही, म्हणून दुसऱ्या कोणाची मदत घ्यावी लागते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणकामगारांना लहान प्राणी सोबत नेण्याचे सुचविले. पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी मनुष्याच्या आधी कोसळे व खाणीतले लोक सावध होत. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली. आज तेच काम हातात मावणारी डबी करते. तिच्यातील विद्युत्-रासायनिक घटात वायूचे ज्वलनाविना ऑक्सिडीकरण होते आणि वायूच्या प्रमाणात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. युरोपीय मानकानुसार हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे ३०० भाग झाल्यास यंत्राने तीन मिनिटांच्या आत ओरडले पाहिजे. ५० भाग असतील, तर तासाभरानंतर, पण दीड तासाच्या आत.

यंत्र आणले, पण लावले भलत्याच जागी, तर ते नसल्यासारखेच. आपल्याकडे मोठी गफलत होते ती स्वयंपाकाच्या गॅसची गळती सांगणाऱ्या यंत्राशी. तो गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो व त्याचे यंत्र खाली बसवितात. कार्बन मोनॉक्साइड हवेहून किंचित हलका असून तापलेल्या हवेबरोबर सर्व खोलीत मिसळतो. एकाचे यंत्र दुसऱ्याचे काम करीत नाही. विकत घेतानाच वेष्टनावरील नाव वाचून घ्यावे.

निजण्याच्या खोलीत यंत्र निजलेल्याच्या नाकाच्या साधारण उंचीवर असावे. खाटेऐवजी जमिनीवर अंथरूण असेल, तर तेही त्या मानाने खाली यावे. शेगडी वा हीटर ज्या खोलीत आहे, तेथे ते त्यापासून एक ते तीन मीटर अंतरावर लावतात. भिंतीवर लावल्यास दार-खिडक्यांच्या वर, पण छतापासून किमान १५ सेंटीमीटर खाली. मानेसरच्या खोलीत मात्र स्वयंपाक, ऊब आणि निद्रा एकाच चार भिंतींत असतात. तेथे चुलीपासून शक्य तितके दूर आणि अंथरुणाच्या शक्य तितके जवळ, हा नियम पाळावा. पडद्यामागे, कपाटात, खिडकीच्या झोतात, पंख्याखाली किंवा न्हाणीघराच्या वाफेत यंत्र ठेवू नये. वीज वारंवार जाते तेथे बॅटरीवर चालणारेच घ्यावे.

दर आठवड्यास चाचणीची कळ दाबून आवाज ऐकावा. मधूनमधून होणारी बारीक टिकटिक बॅटरी संपत आल्याची असते. पुष्कळ यंत्रांत धोक्याची हाक चार-चार कर्कश स्वरांची असते. घटाचे आयुष्य पाच ते दहा वर्षे. मुदत पाठीमागे छापलेली असते. ती उलटल्यावर कळ दाबून आवाज आला, तरी घट वायू ओळखीलच असे नाही.

तथापि यंत्र असल्याच्या भरवशावर पेटती शेगडी बंद खोलीत नेणे हा शुद्ध अविचार होय. निजण्यापूर्वी ती बाहेरच ठेवावी. यंत्र ओरडले, तर कारण शोधीत बसू नये. सर्वांना उठवून, जाता जाता दार उघडे टाकून बाहेर पडावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी. २०२० नंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे; त्यावर या प्रसंगी विसंबू नये. विषारी वायूने भारलेले रक्तही त्याला प्राणवायूयुक्त भासते आणि गुंगीत पडलेल्या मनुष्याच्या बोटावरही ते ९८ टक्के असा आकडा दाखवू शकते.