काचेपाशी थांबलेली आयत

कुराणातल्या चोविसाव्या अध्यायाचं नाव ‘अन्-नूर’, म्हणजे प्रकाश. नावावरून काही गूढगहन हाती लागेल अशा अपेक्षेनं तो उघडणाऱ्याची सुरुवातीला निराशाच होते. इथं आहेत संसारातले कायदेकानू. कुणावर व्यभिचाराचा आळ घ्यायचा तर चार साक्षीदार हवेत. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय पाऊल टाकू नये. पुरुषांनी आणि बायकांनीही नजर आवरावी. बिनलग्नाच्यांची लग्नं लावून द्यावीत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याबद्दल मदिनेत उठलेल्या कंड्यांची पार्श्वभूमी या सगळ्याला आहे. आणि असं दारंखिडक्यांचं, शेजारपाजारचं बोलणं चाललेलं असताना ३५व्या आयतीत एकदम ईश्वराचा विषय निघतो.

तो निघतो तोही केवढा! आकाशांचा आणि पृथ्वीचा प्रकाश म्हणजे ईश्वर, असं म्हणून आयत सुरू होते. एवढं म्हटल्यावर सूर्य, चंद्र, विजा असं काहीतरी येणार असं कुणालाही वाटेल. येतो तो भिंतीतला कोनाडा. कोनाड्यात दिवा, दिवा काचेत, काच मोत्यासारख्या चमकत्या ताऱ्याजोगी. दिव्यात तेल जैतुनाच्या एका बरकतीच्या झाडाचं, जे झाड पूर्वेचंही नाही आणि पश्चिमेचंही नाही. ते तेल इतकं निर्मळ, की विस्तवाचा स्पर्श व्हायच्या आधीच उजळू पाहतंय. मग प्रकाशावर प्रकाश, आणि त्या प्रकाशाकडे कुणाला न्यायचं ते ईश्वराच्या मर्जीवर. ब्रह्मांडापासून कोनाड्यापर्यंत आणि कोनाड्यापासून तेलाच्या थेंबापर्यंत आपल्याला खाली आणून आयत पुन्हा वर निघून जाते. सगळा मजकूर चारपाच ओळींचा.

मला या आयतीनं गेली कित्येक वर्षं धरून ठेवलंय. धर्मानं मी मुसलमान नाही, अरबीही जेमतेम अक्षरं लावण्यापुरती येते. ओढ लागली ती रत्नागिरीकडच्या एका हाफिजसाहेबांमुळे. ते मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलत. ‘अहो साहेब,’ ते एकदा म्हणाले, ‘कोडं घातलंय, पण उत्तर कुठं दिलंय? कोनाडा म्हणजे कोण, काच म्हणजे काय, एक अक्षर नाही. म्हणून तर चौदाशे वर्षं लोक डोकं खाजवतायत.’ आपल्याकडे विनोबांनी अरबी शिकून मूळ कुराण वाचलं आणि निवडक आयतींचं ‘कुराण-सार’ तयार केलं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

डोकं खाजवणाऱ्यांची यादी मोठी आहे, इथं धावतीच सांगतो. पहिली अडचण अशी, की प्रकाश ही निर्माण केलेली वस्तू. निर्मात्यालाच प्रकाश कसं म्हणायचं? म्हणून पुष्कळांनी अर्थ लावला, की ईश्वर वाट दाखवणारा किंवा उजळवणारा आहे. कोनाडा म्हणजे श्रद्धावंताची छाती आणि दिवा म्हणजे तिच्यातली श्रद्धा, हा अर्थ फार जुना. कुणाला दिव्यात खुद्द पैगंबर दिसले, शिया भाष्यकारांना त्यांच्या घराण्यातले इमाम दिसले. इब्न सीनानं (९८०–१०३७) तर आयतीत माणसाच्या बुद्धीच्या पायऱ्याच मांडल्या: कोनाडा ही नुसती क्षमता, काच ही तयार झालेली बुद्धी, जैतुनाचं झाड म्हणजे विचार, आणि न पेटताच पेटू पाहणारं तेल म्हणजे ज्याला न शिकवता कळतं त्याची अंतःप्रज्ञा.

झाडावरून झालेला वाद माझा लाडका. पूर्वेचं नाही, पश्चिमेचं नाही म्हणजे कुठलं? हसन बसरींचं म्हणणं, की ते या जगातलं नाहीच. असतं तर कुठल्यातरी दिशेला असतंच की. उलट तबरी (मृत्यू ९२३) शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहतात. डोंगराच्या एका अंगाला वाढलेल्या झाडाला अर्धाच दिवस ऊन मिळतं. हे झाड उघड्यावर आहे, त्याला सकाळचंही ऊन मिळतं आणि संध्याकाळचंही, म्हणून त्याचं तेल उत्तम. मी तबरींच्या बाजूचा.

गझाली मात्र धावत सांगण्यासारखे नाहीत. इराणमधल्या तूसचा हा माणूस (१०५८–११११) बगदादच्या निजामिया मदरशात प्राध्यापक होता. त्या काळातली याहून मोठी नोकरी सांगता येणार नाही. १०९५मध्ये त्यांची वाचाच बसली, शिकवायला तोंड उघडेना. शेवटी सगळं सोडून ते दमास्कस, जेरुसलेमकडे निघून गेले. पुढं त्यांनी या एका आयतीवर ‘मिश्कात अल्-अन्वार’ नावाची पुस्तिका लिहिली. तिच्यात त्यांनी अडचण सरळ उलटी केली. ईश्वराला प्रकाश म्हणणं हा अलंकार नव्हेच. सूर्याला, दिव्याला, डोळ्याला आपण प्रकाश म्हणतो तो अलंकार, कारण त्यांचा उजेड उसना आहे. मग ते आयतीतल्या पाच वस्तूंना माणसाच्या पाच शक्तींशी जोडतात: कोनाडा इंद्रियं, काच कल्पनाशक्ती, दिवा बुद्धी, झाड विचारशक्ती, तेल पैगंबरांना लाभणारी शक्ती. यातलं काचेचं स्पष्टीकरण फार सुरेख आहे. कल्पना ही मुळात मातीसारखी जड आणि अपारदर्शक. पण घासूनपुसून स्वच्छ केली की तीच उजेडाला अडवत नाही, उलट वाऱ्यापासून त्याला सांभाळते.

आता मी माझ्या आवडत्या कोपऱ्यात शिरतो आणि तिथून लवकर बाहेर येणार नाही.

तेराव्या-चौदाव्या शतकात इजिप्त आणि सीरियावर मामलूक सुलतानांचं राज्य होतं. मामलूक म्हणजे विकत घेतलेले गुलाम सैनिक. त्यांच्यातलेच पुढं अमीर होत, सुलतान होत. आणि हाती पैसा आला की मशीद, मदरसा, स्वतःची कबर असं एकत्र बांधून घेत. या इमारतींसाठी त्यांनी काचेचे दिवे करवून घेतले. साधारण ३० ते ४० सेंटिमीटर उंचीचे, पोट फुगीर, गळा वर उमलत गेलेला, बुडाला बैठक आणि पोटाभोवती काचेच्याच कड्या. कड्यांत साखळ्या अडकवून दिवा छताला टांगायचा. आत काचेची लहान वाटी. तिच्यात खाली पाणी, वर तेल, तेलात वात.

काच फुंकून आकार दिला की खरं काम सुरू होई. रंगीत काचेची वस्त्रगाळ पूड चिकट द्रवात कालवून ती कुंचल्यानं किंवा बोरूनं लावायची. सोन्याचा मुलामा चढवायचा. मग दिवा पुन्हा लोखंडी सळईला धरून भट्टीच्या तोंडाशी फिरवत तापवायचा, म्हणजे पूड वितळून अंगाला बसते. जरा जास्त तापला की सगळा दिवाच वाकडा. तांबड्यासाठी लोहाची भस्मं, पांढऱ्यासाठी कथलाचं. निळ्यासाठी कधी कोबाल्ट, तर कधी चक्क लाजवर्दाची पूड.

या दिव्यांच्या गळ्यावर, निळ्या ठसठशीत अक्षरांत, बहुतेक वेळा हीच प्रकाशाची आयत असते. पण पूर्ण नव्हे. गळ्याचा घेर केवढा, अक्षरं केवढी! पुष्कळ दिव्यांवर मजकूर आकाश-पृथ्वीपासून निघतो, कोनाड्यात येतो, दिव्यापाशी येतो, काचेपाशी, ताऱ्यापाशी येतो आणि संपतो. झाड नाही, तेल नाही, प्रकाशावर प्रकाश नाही. अभ्यासक म्हणतील जागा संपली. संपलीच असेल. पण मी काचेपुढं उभा राहून गळ्याची गोल ओळ वाचली तेव्हा मला दुसरंच वाटलं. काच हा शब्द काचेवर लिहून झाला. आता पुढचं लिहायची गरजच काय? पुढचं तेल आहे, ते वाटीत ओतायचं. त्यापुढचा उजेड आहे, तो लावायचा. आयतीचा उरलेला भाग रोज संध्याकाळी दिवाबत्ती करणारा माणूस पुरा करत होता. वक्फच्या, म्हणजे धर्मादाय देणगीच्या, दस्तऐवजांत इमाम, मुअज्जिन यांच्याबरोबर या दिवाबत्तीवाल्याच्या पगाराची आणि तेलाच्या खर्चाचीही तरतूद असते. शेकडो भाष्यकारांच्या पंगतीत मला त्याला बसवावंसं वाटतं.

दिव्याच्या पोटावर वेगळीच भानगड. तिथं सुलतानाचं किंवा अमिराचं नाव आणि लांबलचक पदव्या. आणि लिहायची तऱ्हा उलटी: निळा रंग पार्श्वभूमीला, अक्षरं मोकळी सोडलेली, वर सोनं. म्हणजे दिवा लावला की गळ्यावरची ईश्वराची अक्षरं निळ्या रंगानं उजेड अडवून गडद दिसणार, आणि पोटावर सुलतानाचं नाव लखलखणार! ही कारागिराची सोय, की गिऱ्हाइकाची हौस? मला हौसच वाटते. ज्या माणसाचं बालपण बाजारात विकलं गेलं, त्याला आपलं नाव उजेडात बघायची घाई असणारच.

नावाबरोबर बिरुदचिन्हंही असत. अमीर शेखूच्या दिव्यावर पेला आहे, कारण तो सुलतानाचा पेला धरणाऱ्यांतला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अमीर ऐदकीन बुंदुकदार याच्या कबरीसाठी केलेला, १२८५नंतरचा दिवा आहे. त्यावर धनुष्यं आहेत, कारण राजाची धनुष्यं सांभाळणं हे त्याचं काम. हा ऐदकीन मोठा मजेदार. त्यानं एक उंचापुरा किपचाक गुलाम बाळगला होता. तो गुलाम म्हणजे पुढं १२६०मध्ये सुलतान झालेला बैबर्स. धन्याच्या नावावरून सुलतान जन्मभर ‘बुंदुकदारी’ म्हणवला गेला आणि जुना धनी त्याच्या हाताखाली अमीर म्हणून नांदला.

सर्वांत जास्त दिवे सुलतान हसनच्या इमारतीतले. कैरोच्या किल्ल्याखालची ही प्रचंड वास्तू १३५६मध्ये सुरू झाली. १३६१मध्ये तिचा एक मिनार कोसळून माणसं मेली; लोकांनी अपशकून मानला, आणि त्याच वर्षी सुलतानाचा खून झाला. प्रेत कधी सापडलंच नाही; ज्या घुमटाखाली झोपायचं म्हणून एवढा खटाटोप केला, तिथं तो नाही. मी गेलो तेव्हा चौकापलीकडच्या उंच कमानीतून साखळ्या खाली आलेल्या दिसल्या, इतक्या लांब की मान मोडावी. टोकाला हल्लीचे साधे दिवे. मूळ दिवे बहुतांशी कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात गेले आहेत. जानेवारी २०१४मध्ये समोरच्या पोलीस मुख्यालयापुढं बॉम्बस्फोट झाला, त्यात या संग्रहालयातल्या काचेच्या वस्तूंची मोठी हानी झाली. डागडुजी होऊन ते २०१७मध्ये पुन्हा उघडलं.

कोनाडा आणि दिवा हे चित्र पुढं दगडातही गेलं. यासाठी कैरोला जायला नको, गुजरातेत खंबायत पुरे. तिथल्या संगमरवरी कबरींच्या शिळांवर कमानीत टांगलेला दिवा कोरलेला असतो. १३३३मध्ये वारलेल्या उमर काझरूनी या धनाढ्य व्यापाऱ्याची तिथली कबर पाहावी. खंबायतचे पाथरवट अशा शिळा घडवत आणि त्या जहाजांतून पार जावापर्यंत जात. तिथल्या ग्रेसिक बंदरात १४१९मध्ये वारलेल्या मलिक इब्राहिम यांच्या कबरीचा दगड खंबायतचा आहे. मसाल्याच्या बदल्यात आपण दुनियेला काय काय पाठवलं याच्या याद्या निघतात, त्यांत या शिळा मला क्वचितच दिसल्या.

काचेचा धंदा मात्र पंधराव्या शतकात ढासळला. तैमुरानं १४०१मध्ये दमास्कस लुटून कारागीर समरकंदला नेले, हे एक कारण सांगतात. पुढं गंगा उलटी वाहिली. १५६९मध्ये तुर्की वजीर सोकोल्लू मेहमेद पाशानं व्हेनिसच्या वकिलामार्फत मशिदींसाठी ९०० दिव्यांची मागणी मुरानो या तिथल्या काचकारांच्या बेटाला पाठवली, सोबत नमुन्याची चित्रं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ब्रोकार या काचकारानं मामलूक दिव्यांची अशी नक्कल साधली, की जाणकारांनीही दोनदा बघावं. पूर्वेचं नाही आणि पश्चिमेचं नाही, ते हेच असेल का, असा चावट विचार माझ्या मनात येऊन जातो; हाफिजसाहेबांना तो सांगायचं धाडस मी केलेलं नाही.

इस्तंबूलमध्ये हीच आयत आया सोफियाच्या घुमटात, ऐन मध्यावर आहे. १८४७ ते १८४९च्या दुरुस्तीत कजास्कर मुस्तफा इज्जत एफेंदी यांनी ती लिहिली. तिथं जागेची टंचाई नाही, अक्षरंही सोनेरी. पण मला ती दुरून भव्य वाटली, एवढंच. दिवा हातभर अंतरावर लागतो, घुमटात नव्हे.

संग्रहालयांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बहुतेक ठिकाणी या दिव्यांवर बाहेरून, वरून झोत सोडलेले असतात. त्यानं सोनं छान चमकतं, निळा रंग निळा दिसतो, फोटो उत्तम येतात. पण उजेड आतून बाहेर यावा म्हणून केलेली वस्तू बाहेरून उजळवली, की गळ्याची आयत आणि पोटावरचा सुलतान यांतला फरक कळायला काही मार्गच राहत नाही. तेलवात नको म्हणतात ते ठीक, काचेला धोका. पण आत एक मंद, थंड बल्ब सोडायला काय हरकत आहे? दिवसभर नको, संध्याकाळी बंद व्हायच्या आधी अर्धा तास पुरे.