धंद्यास परवाना केव्हां लागतो?

ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) बाजारपेठेंतून एक फेरी मारली, तर किती तऱ्हेचे लहान धंदे दृष्टीस पडतात! कोणी उंसाच्या रसाचा चरक मांडलेला असतो, कोणी शिवणयंत्रावर बसलेला असतो, कोणी किराणा विकतो, तर कोणी खतें व बीं-बियाणें. यांपैकीं कित्येक दुकानें एखाद्या कुटुंबाच्या सगळ्या शिलकेवर उभीं असतात. अशा वेळीं ‘परवाना’ हा शब्द निघाला, कीं कोणी भिऊन धंदा काढावयाचाच सोडून देतो, तर कोणी कांहींच न विचारतां धंदा काढून मागाहून दंड भरतो. दोन्हीं घरांचें नुकसान अज्ञानानेंच होतें. म्हणून या प्रश्नाचा उलगडा कसा करावा, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम मूळ तत्त्व ध्यानांत घ्यावें. भारताच्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें कोणताहि धंदा करण्याचें स्वातंत्र्य नागरिकांस दिलें आहे. मात्र लोकहितासाठीं त्यावर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारास आहे. अर्थात् धंदा करणें हा नियम, व परवाना हा निर्बंध होय. शिवाय सूचना, नोंदणी व परवाना या तीन गोष्टी भिन्न आहेत. सूचना म्हणजे आपण धंदा काढल्याचें कळविणें. नोंदणी म्हणजे सरकारी दप्तरांत नांव दाखल करणें. आणि परवाना म्हणजे अगोदर अनुज्ञा मिळविणें.

आतां धंदा काढणारानें स्वतःस चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : आपण विकणार काय? हाच सर्वांत महत्त्वाचा. ज्या मालानें दुसऱ्याच्या जिवास किंवा पिकास अपाय होण्याचा संभव, त्यास बंधन अधिक. औषधांच्या दुकानास १९४० च्या कायद्याप्रमाणें परवाना हवाच. शेतकऱ्यांस लागणाऱ्या मालाचेंहि तसेंच : कीटकनाशकांस १९६८ चा कायदा, बियाण्यांस १९८३ चा आदेश व खतांस १९८५ चा आदेश लागू आहे, आणि तिहींची परवानगी निरनिराळी घ्यावी लागते. बियाणें खोटें निघालें, तर शेतकऱ्याचें सबंध वर्ष बुडतें, हें आपल्या वाळवा तालुक्यांतील वाचकांस सांगावयास नकोच. खाद्यपदार्थांस २००६ चा कायदा आहे. घरीं केलेले पापड वा लाडू विकावयाचे असले, तरी त्यांतून सुटका नाहीं; मात्र लहान विक्रेत्यास परवाना न लागतां नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांनीं यासाठीं वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लक्ष रुपये व नोंदणीची फी वर्षास १०० रुपये ठरविली होती.

दुसरा प्रश्न : बसणार कोठें? रस्त्याच्या कडेस हातगाडी लावणारास २०१४ च्या कायद्यान्वयें विक्रीचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. जागेसंबंधीं व उपद्रवकारक धंद्यासंबंधीं नगरपालिकेंत चौकशी करावी.

तिसरा प्रश्न : नोकर किती? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानदारास नोंदणीतून मोकळें करून केवळ सूचना देण्यास सांगितलें. ही मर्यादा वीसपर्यंत वाढविण्याचें सरकारनें २०२५ सालीं ठरविलें. घरांत शिवणकाम करून उपजीविका करणाऱ्या बाईस या सूचनेपलीकडे सहसा कांहीं करावें लागत नाहीं.

चौथा प्रश्न : उलाढाल किती? नुसता माल विकणाराची वार्षिक उलाढाल ४० लक्षांच्या वर, किंवा सेवा पुरविणाराची २० लक्षांच्या वर गेली, म्हणजे वस्तु व सेवा कराची नोंदणी आवश्यक होते. तथापि माल परराज्यांत, उदाहरणार्थ बेळगांवास, विकावयाचा असेल, तर उलाढाल थोडी असली तरी ही नोंदणी सामान्यतः करावी लागते.

याशिवाय जो कोणी तोलून माल विकतो, त्याच्या वजनकांट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा. विजेच्या कांट्याची तपासणी दरसाल करावी लागते. खोट्या तागडीची निंदा सर्वच धर्मांनीं केली आहे. शिक्क्यामुळें तीच शिकवण व्यवहारांत उतरते.

एका गैरसमजाविषयीं मात्र सावध केलें पाहिजे. २०२० सालीं सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी ही परवाना नव्हे. ती ऐच्छिक असून तिला एक पैसाहि फी नाहीं. कर्ज व सवलती मिळविण्यास ती उपयोगी पडते. परंतु ती आहे म्हणून खाद्यपदार्थांची नोंदणी टळत नाहीं. तिच्याकरितां कोणी मध्यस्थ पैसे मागूं लागला, तर ते फुकट जातील असें समजावें.

हे आंकडे व नियम वेळोवेळीं बदलतात. यास्तव धंदा काढण्यापूर्वीं संबंधित कचेरींत ते पुन्हा पडताळून पाहावे, अर्जाची पोंच मागून घ्यावी आणि प्रत्येक कागदाची प्रत घरीं जपून ठेवावी. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं वडील माणसें असा अर्ज घेऊन बसलीं असतील, तर तो त्यांस स्पष्ट वाचून दाखवा व त्याचा अर्थ समजावून द्या. शाळेंत मिळविलेल्या विद्येचा घरच्या संसारास याहून प्रत्यक्ष उपयोग तो कोणता?